प्रेमापोटी बक्षीसपत्र आणि नोटरीवरचा घटस्फोट

माझ्या नावचं अर्धं घर गेलं आणि घटस्फोट मात्र झालाच नाही. हे कसं जुळवून आणलं ते नीट लिहिते आहे, कारण माझ्या वकिलीणबाई म्हणाल्या की असे कागद घेऊन येणाऱ्या बायका त्यांना नवीन नाहीत.

वेगळं व्हायचं आम्ही दोघांनीही ठरवलं होतं. नवऱ्याकडून एक गृहस्थ मध्ये पडले. 'कोर्टातली कामं करतो' एवढीच त्यांची ओळख; ते वकील नव्हते हे मागाहून कळलं. कोर्टात गेलात तर वर्षं जातील, चारचौघांत शोभा होईल, दोघांची संमती आहे ना, मग स्टँप पेपरवर करून टाकू, असं त्यांचं म्हणणं. घर दोघांच्या नावावर होतं. माझा हिस्सा मी नवऱ्याला द्यायचा, बदल्यात त्यानं मला ठरलेली रक्कम हप्त्यांनी द्यायची, असं ठरलं. पुढच्या तारखांचे चेकही लिहून आणले होते.

कागद दोन झाले. आधी बक्षीसपत्र. "ताई, हे अगोदर उरकून घेऊ. घटस्फोटानंतर केलंत तर स्टँप ड्युटीचा भुर्दंड बसेल." गंमत म्हणजे यात खोटं काही नव्हतं. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, आणि ही सवलत नातं असेपर्यंतच. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात फोटो निघाला, अंगठे झाले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. दस्तात लिहिलं होतं, 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने'. घटस्फोट घ्यायला निघालेली बाई नवऱ्याला प्रेमापोटी घर देते! मी विचारलंसुद्धा. "तो ठरावीक मजकूर असतो हो, सगळ्यांच्याच दस्तात असतो," असं उत्तर आलं. घराचा आणि माझ्या पैशांचा संबंध कागदावर तुटला तो त्या एका ओळीनं.

मग दुसरा कागद, 'घटस्फोटाचा करारनामा'. पाचशेचा स्टँप, नोटरीचा लाल शिक्का, प्रत्येक पानावर सह्या. आजपासून उभयतांचं पती-पत्नीचं नातं संपुष्टात आलं, दोघेही पुनर्विवाहास मोकळे, पत्नी पुढे कधीही पोटगी मागणार नाही. रक्कम आणि चेकचे नंबर याच कागदात. म्हणजे माझ्याकडून घेणारा कागद नोंदणीकृत, आणि मला देणारा कागद नुसता नोटरीचा.

पहिला चेक वटला. पुढचा 'स्टॉप पेमेंट' म्हणून परत आला आणि नवऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. मध्यस्थ तर म्हणाले, "माझं काम कागद करण्यापुरतं होतं."

वकिलीणबाईंनी सगळ्यात आधी करारनामाच बाजूला सारला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न आपसातल्या करारानं मोडत नाही. कोर्टाचा हुकूमनामा लागतो. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, स्टँप पेपरवर लिहून ती तयार होत नाही. नोटरींनी विवाह-घटस्फोटाचे दस्त करू नयेत, हे केंद्राच्या विधी खात्यानंही ऑक्टोबर 2024 मध्ये बजावलं आहे. हा कागद दाखवून मी उद्या दुसरं लग्न केलं असतं तर ते लग्न रद्दबातल ठरलं असतं, वर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेची टांगती तलवार. 'पुनर्विवाहास मोकळे' म्हणे!

पोटगी सोडल्याची अटही कोर्टं सहसा मानत नाहीत. बायकोचा हा हक्क असा लिहून काढून घेता येत नाही, कारण सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे रद्दबातल असतो. नवरा-बायकोतल्या करारांकडे आपली कोर्टं पूर्वीपासून संशयानंच बघतात. 1901 मध्ये कलकत्ता हायकोर्टापुढे लग्नाआधीचा एक करार आला होता: नवऱ्यानं बायकोला तिच्या आईच्या घरून कधीच न्यायचं नाही. तोही टिकला नाही.

पण हीच तलवार माझ्यावरही चालते. चेक परत आला की बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात चेकबाबतच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख अधिनियम) कलम 138 खाली कोर्टात तक्रार, हे सगळं मी वेळेत केलं. समोरून उत्तर काय आलं? करारनामाच बेकायदेशीर, आणि घर तर प्रेमापोटी विनामोबदला दिलेलं, मग देणं कसलं? पोटगीची ती अट कुणासाठी घातली होती हे विसरून ही मंडळी आता करार रद्द असल्याचं सांगत फिरतात.

नोंदणीकृत दस्तातल्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. फसवणूक हा अपवाद. दस्त रद्द करून मागायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. माझा दावा दिवाणी कोर्टात चालू आहे. सध्या सगळ्यात उपयोगी पडतो आहे तो नवऱ्याचा एक व्हॉट्सॲप मेसेज: 'घर नावावर झालं की दुसऱ्या दिवशी पहिला चेक टाक.' घर आणि पैसे एकाच वाक्यात आलेला तेवढाच पुरावा माझ्याकडे आहे. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर पुसू नका, फोन बदलताना सांभाळा.

'वर्षं जातील' हे तर निखालस खोटं होतं. वर्षभर वेगळे राहत असलेल्या जोडप्याला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज करता येतो. अर्जापासून कोर्टातल्या दुसऱ्या, शेवटच्या जबाबापर्यंत थांबायचे मधले सहा महिनेही योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टानं 2017 मध्येच सांगितलं आहे. घर, रक्कम, दागिने जे काही ठरेल ते त्या अर्जाच्या संमती अटींत लिहून घ्या. पैसे डीडीनं, शेवटचा हप्ता दुसऱ्या जबाबाच्या दिवशी कोर्टातच. आणि घर पैशांच्या बदल्यात देत असाल तर दस्तात मोबदल्याचा आकडा लिहा. बक्षीसपत्र नको. मुद्रांक शुल्क जास्त लागेल. घर ज्याला मिळतंय त्यानं ते भरावं.