नोकरी दुबईत, घर दुबईत घ्यावं की शारजात?

नागपूरहून दुबईला निघालेल्या कुटुंबापुढे पहिला पेच हाच. शेजारच्या शारजात तेवढ्याच पैशात बहुधा मोठं घर मिळतं.

भाडं शारजात कमी, यात वाद नाही. दुबईत भाड्यावर बाकीचा खर्च चढतो: करार 'इजारी' या सरकारी भाडेकरार-नोंदणीत नोंदवायचा, फ्लॅटच्या वीज-पाण्याची अनामत २००० दिरहम, शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क दर महिन्याच्या वीजबिलात वाटून येतं. सही करण्याआधी एसीचं विचाराच. घर 'चिलर फ्री' नसेल तर गारव्याचं बिल वेगळं, आणि गावाला गेलात तरी त्यातला ठरावीक आकार चुकत नाही. खसचा कुलर इथे चालत नाही. नागपूरचा मे कोरडा, म्हणून ताट्यांवरचं पाणी भराभर उडून हवा गार होते. खाडीकाठच्या ऑगस्टमध्ये हवाच दमट, पाणी उडणार कुठून?

शारजाची खरी किंमत रस्त्यावर मोजावी लागते. मेट्रो नाही आणि सकाळी अल इत्तिहाद रोड तुंबतो. गाडी असेल तर गर्दीच्या वेळी सालिकच्या, म्हणजे दुबईच्या टोलच्या, एकेका कमानीला ६ दिरहम.

किराण्याचं दोन्हीकडे अडत नाही. भारतीय दुकानांसाठी दुबईत करामा, शारजात रोला हे भाग आहेत.

एकटे असाल किंवा ऑफिस मेट्रोलगत असेल तर दुबईत लहान घर घ्या. मुलांची शाळा शारजात आणि ऑफिस शारजाच्या हद्दीलगतच्या अल कुसैसकडे असेल तर शारजा उत्तम. ऑफिस दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, जबल अलीला असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी शारजा नको.