बेबीमूनसाठी जपान, सिंगापूर, थायलंड की बाली?

बेबीमून म्हणजे बाळ येण्याआधीची दोघांची सहल. आधी निकाल सांगून टाकते. पाचवा-सहावा महिना चालू असेल आणि चालायची हौस शिल्लक असेल तर जपान. पाय सुजायला लागले असतील किंवा मनात धाकधूक असेल तर सिंगापूर. थायलंड आणि बाली बाळ झाल्यावर. समुद्रकिनारा किती सुंदर आहे, हा प्रश्न या दिवसांत मागे पडतो. डास, पाणी आणि रात्री दोनला पोटात कळ आली तर डॉक्टर किती लांब, एवढ्यावरच ठिकाण ठरवावं.

त्याआधी तारखा. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की निघावं आणि २८व्या आठवड्याच्या आत घरी यावं. त्यानंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि साधारण ३६ आठवड्यांनंतर बसू देत नाहीत. जुळी असतील तर ही मुदत आणखी अलीकडे येते. आठवडे मोजताना परतीची तारीख धरा. आम्ही जायची धरली आणि तिकीट बदलण्याचा भुर्दंड भरला.

जपानमध्ये नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, डासांच्या आजारांची धास्ती जवळपास नाही आणि स्वच्छतागृह शोधत फिरावं लागत नाही. दर तासाला जावं लागणाऱ्या बाईला याचं मोल कळेल! तिथे २००६पासून ‘मॅटर्निटी मार्क’ नावाचा गुलाबी बिल्ला आहे. बऱ्याच रेल्वे स्टेशनांवर तो फुकट मिळतो. पर्सला अडकवला की पोट दिसत नसलं तरी लोकांना कळतं. नवऱ्याने दोन मागून घेतले, एक लावायला आणि एक हरवायला. टोकियो ते क्योतो शिंकानसेन या बुलेट ट्रेनने सव्वादोन तास, तेही आरामात पाय पसरून.

दमवतं ते क्योतो. देवळं चढावर, पायऱ्या संपता संपत नाहीत. दिवसाला एकच देऊळ ठरवा. कच्चा मासा टाळायचाच, पण शिजवलेला मोठा ट्यूनाही पाऱ्यामुळे बेतानंच. शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, हे विचारून घ्या. ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचे झरे, गरोदरपणात वर्ज्य अशी सूचना पूर्वी तिथे असायची. २०१४मध्ये सरकारने ती यादीतून काढली. तरी माझ्या डॉक्टरांनी फार कढत पाण्यात आणि फार वेळ बसायचं नाही, असं बजावलं होतं. खरी भीती निसरड्या फरशीची. आणि जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात जपानला जाऊच नका.

सिंगापूरची बाजू सोपी आहे. सगळीकडे इंग्रजी चालतं, अंतरं छोटी, मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आणि केके हॉस्पिटलमध्ये बायकांसाठी चोवीस तास तातडीची सेवा. चार दिवस पुरतात. पाचव्या दिवशी मॉलचा कंटाळा येतो. पण डास नाहीत असं मात्र नाही. डेंग्यू तिथे आहेच आणि २०१६मध्ये झिका या डासांतून पसरणाऱ्या विषाणूचीही साथ आली होती. हे डास दिवसा चावतात, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर भिस्त ठेवता येत नाही. अंगभर कपडे आणि डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम हवं.

थायलंडची खासगी रुग्णालयं उत्तम आहेत, बँकॉकपुरतं बोलायचं तर त्यात कमी काही नाही. अडतं झिकापाशी. त्यावर लस नाही आणि बाळाच्या मेंदूला धोका असतो. शिवाय तो शरीरसंबंधातूनही पसरतो. म्हणजे बायको घरी आणि नवरा एकटाच ऑफिसच्या कामाला तिकडे गेला, तरी परतल्यावर बाळंतपणापर्यंत कंडोम वापरावाच लागतो. हे फार कमी नवऱ्यांना ठाऊक असतं. तिथलं सोम ताम नावाचं सॅलड कच्च्या पपईचं, तेव्हा आईचा फोन येण्याआधीच ते बाजूला ठेवा.

बालीत झिकाची हीच चिंता, वर पोट बिघडण्याची ख्याती. स्कूटरशिवाय फिरणं अवघड आणि शेजारच्या बेटांवर नेणाऱ्या स्पीडबोटी लाटांवर आपटतात. स्कूबा तर सोडाच. दोन्हींतून निवडायचंच असेल तर थायलंड.

विम्याची पॉलिसी नीट वाचा. कित्येक प्रवास विम्यांत गरोदरपण वगळलेलं असतं. गुंतागुंत झाकली तरी ठरावीक आठवड्यापर्यंतच. बाळ लवकर झालं तर त्याच्या काचेच्या पेटीचा खर्च बहुधा त्यात नसतो. कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरचं ‘हो मॅडम, कव्हर आहे’ धरू नका.