एफटी-८५७डीला टचस्क्रीन कंट्रोलर : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

ज्याच्याकडे एफटी-८५७डी हा हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी) सेट आहे त्याला मेनूचं दुखणं समजावून सांगायला नको. जेमतेम दोन किलोचा सेट, एचएफवर (शॉर्टवेव्हच्या बँडवर) १०० वॅट देतो, वर दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर हे बँडही. पण स्क्रीन इवलासा आणि मेनू ९१! त्यातले बरेच तर मेनू ००१ चालू केल्याशिवाय दिसतही नाहीत. म्हणून रिगला (म्हणजे सेटला) बाहेरून हुकूम देणारा टचस्क्रीन बनवायला गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सामान आणलं : ५ इंची रेझिस्टिव्ह टचस्क्रीन, एक ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर), लेव्हल शिफ्टर (सिग्नलचा व्होल्टेज बदलणारा) आणि आठ पिनांचा मिनी-डिन प्लग. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीतल्या टेबलावर तेव्हापासून हे रोज चालू आहे.

लेव्हल शिफ्टर टाळू नका. रिगच्या कॅट जॅकवर (बाहेरून कमांड द्यायच्या जोडणीवर) ५ व्होल्टचे सिग्नल असतात आणि ईएसपी३२ चालतो ३.३ वर.

सगळ्यात जास्त सोय झाली ती रिपीटरची, म्हणजे आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्राची. पूर्वी फ्रिक्वेन्सी, शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), टोन (रिपीटर उघडणारा सूर) असं एकेक लावत बसायचो. आता एका बटणावर तिन्ही कमांड एकामागून एक जातात. कॅटमध्ये प्रत्येक कमांड पाच बाइटची, त्यामुळे कोड लिहायलाही डोकं फार खपवावं लागत नाही. मेनू ०१९ मधून वेग ४८०० वरून ३८४०० केला की डायल फिरवताना स्क्रीनवरचे आकडे मागे रेंगाळत नाहीत. ऑक्टोबरच्या घामात मात्र रेझिस्टिव्ह स्क्रीन घेतल्याचं खरं समाधान मिळालं. ओल्या बोटाने, नखाने, पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, कशानेही चालतो. मोबाइलसारखा चकचकीत दिसत नाही, पण आपल्या हवेत हाच बरा.

आता कमतरता. एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा) मी हौसेने मोठ्ठा काढला होता, पण रिग कॅटवर त्याचं रीडिंग चारच बिटांत देतो, म्हणजे शून्य ते पंधरा, बस. काटा बेडकासारखा उड्या मारतो. पॉवर कमी-जास्त करायला अधिकृत कमांडच नाही. त्यासाठी पुन्हा रिगच्या मेनूत शिरणं आलं. वॉटरफॉलबद्दल (बँडवरचे सगळे सिग्नल एकत्र दाखवणाऱ्या सरकत्या चित्राबद्दल) काही मित्रांनी विचारलं. कॅटवरून तो मिळणारच नाही, त्याला वेगळा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) लागतो. आणि एसएसबीवर (एचएफवर बोलायच्या नेहमीच्या मोडवर) स्टेशन नेमकं पकडायला रिगची मूळ डायलच हवी. स्क्रीनवरचे प्लस-मायनस मी बँड बदलण्यापुरतेच ठेवलेत.

खरी डोकेदुखी झाली नॉइजची. लिफ्ट, शेजाऱ्यांचे एलईडी, केबलवाल्याचे अडॅप्टर यांनी ४० मीटर आधीच भरलेला असतो, त्यात १३.८ चे ५ व्होल्ट करायला लावलेल्या स्वस्त स्विचिंग मॉड्यूलने आणखी भर घातली. शेवटी ते काढून ७८०५ हा साधा लिनिअर रेग्युलेटर बसवला. अर्धा अँपिअर घेतला तर त्याच्यावर साडेचार वॅटच्या आसपास उष्णता होते, तेव्हा हीटसिंक चांगला जाड हवा. उलट दिशेचाही त्रास होता : पूर्ण पॉवरवर बोलताना स्क्रीन मधूनच गोठायचा. गच्चीवरचा इन्व्हर्टेड व्ही अँटेना आमच्या टेबलापासून फार लांब नाही, त्यामुळे कॅटच्या वायरीत आरएफ (अँटेनातून निघणारी रेडिओ ऊर्जा) शिरत होता. दोन्ही टोकांना फेराइट अडकवले, वायर आखूड केली, तेव्हापासून शांत आहे.

पीटीटीचं (बोलायला दाबायचं) बटण स्क्रीनवर देऊ नका, असं आग्रहाने सांगेन. ०८ ही कमांड गेली की ८८ येईपर्यंत रिग ट्रान्समिटवरच राहतो. मध्येच प्लग सैल झाला तर तुम्ही इकडे बटण दाबत बसाल आणि तिकडे कॅरियर चालूच. माइकचं बटण सोडलं की सुटतं, ते बरं. ज्यांच्या रिगला मुळातच मोठा टचस्क्रीन आहे त्यांनी या खटाटोपात पडायचं कारण नाही. एफटी-८१७ किंवा ८९७ वाल्यांनी जरूर करावा. कमांड जवळजवळ त्याच आहेत, माझा कोड थोड्याफार फरकाने तिथेही चालावा.