गोधडी शिकवावी, डिझाइन करावी की तिच्यावर लिहावं?

हातात बऱ्यापैकी शिवण असलेल्या बाईला कुणी ना कुणी म्हणतंच, "अगं, याचं काहीतरी कर ना!" त्या 'काहीतरी'त बहुतेकींना पहिल्यांदा ऑर्डरी दिसतात. तो विषय आधी मिटवून टाकते. डबल बेडची, हाताने धावदोरा घातलेली गोधडी म्हणजे शे-दीडशे तासांचं काम. तासाला नुसते १०० रुपये धरले तरी मजुरीच १०-१५ हजार होते, कापड वेगळं. गिऱ्हाईक मात्र मनातल्या मनात तिला दीड-दोन हजारांच्या जयपुरी रजईशेजारी ठेवून बघणार. ज्यांना हे जमतं त्यांनी जरूर करावं, पण त्याला डिझाइनचं करिअर म्हणू नये. ती शिलाई आहे, आणि पुण्यात शिलाईला कधीच नीट भाव मिळालेला नाही.

उरतात तीन वाटा: शिकवणं, पॅटर्न (म्हणजे मापं-आकृत्यांसह लिहिलेली कृती) तयार करून विकणं आणि लिहिणं. तिन्ही करणाऱ्या बायका आहेत, पण सुरुवात कुठून करायची यावर पुढची तीन-चार वर्षं कशी जातील ते ठरतं.

पैशाचं आधी बोलू. समजा, आठजणींचं दोन दिवसांचं शिबिर घेतलं आणि प्रत्येकी २,५०० रुपये फी ठेवली, तर २०,००० जमतात. हॉल, कापडाचे संच, चहा-नाश्ता वजा जाता १२-१३ हजार हातात राहतात, आणि मुख्य म्हणजे फी आधी येते. पॅटर्नची पीडीएफ ३०० रुपयांना विकली तर तेवढ्याच पैशांसाठी ४० प्रती जायला हव्यात. ओळखीच्या दहाजणी घेतात, मग शांतता. फरक एवढाच की पुढच्या वर्षीच्या ४० प्रतींसाठी तुम्हाला सुईसुद्धा उचलावी लागत नाही; शिबिर मात्र दरवेळी नव्याने उभं करायचं. आणि पुस्तक? ४०० रुपये किंमत, हजारांची आवृत्ती आणि १० टक्के रॉयल्टी धरली, तर सगळ्या प्रती खपल्यावर ४०,००० रुपये. रंगीत फोटोंशिवाय या विषयाचं पुस्तक कुणी हातात घेणार नाही आणि रंगीत छपाई म्हटलं की प्रकाशकाचा चेहरा उतरतो. त्यामुळे नुसत्या लेखनावर घर चालवायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

वर्गात नक्की काय करावं लागतं

शिकवणं म्हणजे आपल्याला येतं ते दाखवणं, असा समज असतो. प्रत्यक्षात दुसरीचं कुठे चुकतंय ते हुडकणं हेच मोठं काम. एक नेहमीचं उदाहरण देते. साडेचार इंची आठ चौकोन जोडून एक ओळ करायची आहे, शिलाई पाव इंच. एखादीची शिलाई जेमतेम १ मिलिमीटर जास्त जाते. दिसतही नाही. पण सात जोडांत, दोन्ही बाजूंनी मिळून, ओळ १४ मिलिमीटरने आखूड होते, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त. शेजारच्या ओळीशी ती जुळत नाही आणि शिवणारी म्हणते, "कापडच आटलंय." अशा वेळी तिच्या मशीनच्या पायाशी वाकून, जोड उलटा करून, पट्टी लावून दाखवायचं, तेही बाकीच्या सातजणी "मॅडम, माझं बघा ना" म्हणत असताना. यात मजा येत असेल तर तुम्ही शिकवण्यासाठीच जन्माला आला आहात. आपलं कापड कुणी वाकडं कापलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

पुण्यात वर्ग चालवायचा तर अंतराचंही गणित आहे. कोथरूडच्या बॅचला खराडीहून कुणी नियमित येत नाही. पहिल्या दिवशी येते, तिसऱ्या दिवशी ट्रॅफिकवर बोलून थांबते. त्यामुळे आपल्या भागातच, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सुरुवात करणं बरं. गौरी-गणपती ते दिवाळी हा काळ जवळजवळ रिकामा धरायचा. जागा बघताना प्लग मोजा. हजार वॅटच्या चार इस्त्र्या एकाच लाइनवर लावल्या की १७ अँपिअरच्या वर जातं आणि १६ चा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडू शकतो. मग सगळी मशीनं बंद आणि आठ बायका तुमच्याकडे बघत बसलेल्या.

ऑनलाइन वर्गाने अंतराचा प्रश्न सुटतो, नागपूरची आणि न्यू जर्सीची बाई एकाच वेळी शिकते. पण ते १ मिलिमीटर कॅमेऱ्यात दिसत नाही. माझ्या मते नवशिक्यांना समोर बसवूनच शिकवावं आणि ऑनलाइन फक्त पुढच्या पायरीसाठी ठेवावं.

डिझाइन: चित्र कमी, हिशोब जास्त

इथे अनेकजणींचा भ्रमनिरास होतो. रंगसंगती सुचणं हा आनंदाचा भाग, पण विकलं जातं ते दुसरीला बिनचूक करता येईल असं लिखित माप. चार इंची तयार त्रिकोणी जोडासाठी (दोन त्रिकोण जोडून झालेला चौकोन) मूळ चौकोन ४⅞ इंचाचा कापावा लागतो. तो सेंटिमीटरमध्ये १२.४ च्या आसपास येतो. तुम्ही सोयीसाठी १२ लिहिलं की प्रत्येक जोड जवळजवळ ४ मिलिमीटर कमी भरणार. म्हणून शहाणी डिझाइनर ५ इंचाचा कापायला सांगते आणि जोडल्यावर शिलाईची जागा धरून साडेचारला छाटून घ्यायला लावते. दुसरी भानगड पन्ह्याची. अमेरिकन पॅटर्न सुमारे ४२ इंच वापरता येण्याजोगा पन्हा धरून चालतात. लक्ष्मी रोडला तुमच्यासमोर ३६, ४४ आणि ५८ अशा तिन्ही पन्ह्यांचे तागे उलगडले जातात. "अडीच मीटर घ्या" एवढंच लिहिलंत, तर ३६ पन्ह्यावाली गोट लावायच्या वेळी तुम्हाला फोन करणार. पॅटर्न बाजारात आणण्याआधी तो दोन-तीन अनोळखी हातांतून शिवून घ्यावाच लागतो.

या क्षेत्रात अमेरिकन क्विल्ट डिझाइनर जिनी बायर यांचं नाव हटकून घेतलं जातं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात राहत असताना त्यांनी इथल्याच सुती कापडांवर हाताने क्विल्ट शिवायला घेतलं, १९७८ मध्ये अमेरिकेत एक मोठी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पुढे शिकवणं, पुस्तकं आणि कापडांचं डिझाइन अशा तिन्ही अंगांनी त्या वाढल्या. ऊर्मी यावी असंच हे उदाहरण आहे, पण त्यांच्यामागे डिझाइनरच्या नावाने क्विल्टचं कापड छापणारी कंपनी होती. आपल्याकडे ती बाजारपेठ गृहीत धरू नका.

नकलेची भीतीही असते. तुमच्या पॅटर्नमधला मजकूर आणि आकृत्यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण मिळतं. पण नोंदणी करण्याजोगं डिझाइन तुम्ही नोंदवलं नाही आणि ते तुमच्याकडून किंवा तुमच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने ५० हून जास्त वस्तूंवर वापरलं गेलं, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर १० वर्षं मिळतात, वर ५ वाढवता येतात. नऊ चौकोनांचा ठोकळा मात्र कुणाच्याच मालकीचा नाही. आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमागे धावायला कुणाकडे वेळ आहे?

लेखन

पैसा नाही म्हणून ते शेवटी, असं मी म्हणणार नाही. छापील मासिकांचे दिवस ओसरलेत हे खरं. १९६९ पासून चाललेलं 'क्विल्टर्स न्यूजलेटर' हे अमेरिकेतलं मासिकसुद्धा २०१६ मध्ये बंद पडलं. पण मराठीत मैदान मोकळं आहे. कर्नाटकातल्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून शिवत मध्याकडे जातात आणि कोपऱ्यांना कापडी 'फुलं' लावतात, हे वाचायला मिळतं. आपल्या मावळातल्या आजीने लुगड्याचे किती थर घातले, कच्चा दोरा कसा टाकला, काठ बाहेर का ठेवला, हे कुणी लिहायचं? डिसेंबरात पुण्यातल्या भीमथडी जत्रेला जाल तेव्हा खरेदी थोडी कमी करा आणि बचत गटांतल्या बायकांशी गप्पा मारा. एका दुपारीत दोन लेखांचा ऐवज मिळेल. पुस्तक स्वतः काढायचं ठरलं तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आपल्याकडे फुकट मिळतो.

माझा कौल? घरात दुसरा पगार येत असेल आणि माणसांची आवड असेल तर शिकवण्यापासून सुरुवात करा, आणि वर्गात वाटायची टिपणं पहिल्या बॅचपासून नीट, आकृत्यांसह लिहा. त्याच टिपणांतून पुढे पॅटर्न निघतात, कारण कुठे अडतं हे विद्यार्थिनींनीच दाखवलेलं असतं. हिंजवडीत नोकरी करून रात्री दहानंतर मशीन उघडणारीने वर्गाच्या फंदात पडू नये. तिच्यासाठी वर्षाला दोनच, पण पक्के तपासलेले पॅटर्न बरे. पाठ-गुडघे कुरकुरत असतील तर दिवसभर टेबलांमधून फिरणं झेपणार नाही, आणि डोळे दगा देत असतील तर मापांचं काम नको. अशा बाईने फोनचा रेकॉर्डर चालू करून आधी घरातल्या थोरल्यांकडे बसावं. ती माणसं दरवर्षी कमी होताहेत. वर्ग काय, पुढच्या जूनमध्येही सुरू करता येतो.