टेली मानस १४४१६ : आईसाठी फोन केला, खरंच उपयोग झाला

सोलापुरात कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर त्यांच्यासाठी लिहितेय. अण्णांनी लूम भंगारात काढले, दादाची कोर्टात केस सुरू झाली, वहिनी पोरांना घेऊन माहेरी गेली आणि तेव्हापासून आमची आई हळूहळू वेगळ्याच घरात राहायला लागली, त्या घरात सगळे आहेत. शेजारच्या काकूंना सांगते नातवंडं आलीत, आत झोपलीत. बंद मोबाइल कानाला लावून वहिनीला विचारते शेंगा चटणी संपली का, अजून पाठवू का, मग थांबते, ऐकते, हसते, आणि खरंच डबा भरून ठेवते. गड्ड्याच्या जत्रेला पाळण्यात कोण कुणाशेजारी बसणार तेपण ठरलंय. अण्णा ओरडायचे, मी नुसती हो हो करायचे.

एका खासगी दवाखान्यात नेलं तर तिच्याशी धड न बोलताच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, लई राग आला. मग १४४१६ लावला. मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि पेशंटच पाहिजे असं नाही, घरचं माणूसपण बोलू शकतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मॅडमनी अजिबात घाई केली नाही. झोप कशी आहे, जेवतात का, कुणी नसताना आवाज येतात का, वार-तारीख, रस्ता विसरतात का, जिवाचं बरंवाईट करायचं बोलतात का, सगळं नीट विचारलं. म्हणाल्या, खोटं बोलतेस म्हणून तोंडावर पाडू नका, पण त्या गोष्टीत तुमची भरपण घालू नका, पोरांची आठवण येतेय ना एवढंच म्हणा आणि ऐका. फोनवर निदान होत नाही, थायरॉइड, बी-१२ तपासा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवाच, हेपण स्पष्ट सांगितलं.

डबा भरताना मी तसंच म्हणून बघितलं. आई झाकण हातात धरून बसली आणि म्हणाली, "ती उचलतच नाही गं फोन." म्हणजे तिला सगळं कळतंय, आम्हीच तिच्याशी त्यावर कधी बोललो नव्हतो.

आता सिव्हिलमध्ये दाखवतोय, गोळ्यापण आहेत. केस चालूच आहे, ती काय हेल्पलाइननं मिटणार नाही. पण पाचपैकी पाच. अण्णापण नंतर स्वतःहून बोलले हेल्पलाइनवाल्यांशी. फक्त फोन पेशंटसमोर करू नका, गच्चीवर जाऊन करा, मोकळं बोलता येतं.