मुलतानी मातीचा घरगुती साबण: तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर

उन्हाळ्याच्या तोंडाशी घरी साबण करायला घेतला आणि आता थंडी ओसरत आली तरी आमच्या बाथरूममध्ये तोच चालू आहे. पुण्याच्या पूर्वेकडची सोसायटी, पाणी बोअरचं आणि टँकरचं. नळाच्या तोटीवर पांढरे क्षार चढतात, यावरून पाण्याचा अंदाज यावा. मातीच्या साबणाबद्दल बरंच गोडगोड ऐकलं होतं. त्यातलं काय पटलं आणि काय नाही, ते सांगतो.

आधी प्रमाण, कारण त्यावरच सगळं उभं आहे. खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाणा तेल १५०, एरंडेल ५०. त्याला कॉस्टिक सोडा ७७ ग्रॅम, पाणी १६५ ग्रॅम आणि मुलतानी माती चहाचे दोन सपाट चमचे. या हिशोबात साधारण ५ टक्के तेल साबण न होता वडीत उरतं आणि त्यानेच अंग फार कोरडं पडत नाही. पाणीसुद्धा काट्यावर मोजायचं, वाटीने नाही. तेल बदललं की सोडा बदलतो: १०० ग्रॅम खोबरेलाला १८ ग्रॅमच्या वर सोडा लागतो, तेवढ्याच शेंगदाणा तेलाला साडेतेराच्या आसपास. घरात खोबरेल कमी आहे म्हणून शेंगदाणा वाढवला आणि सोडा तोच ठेवला, तर ती वडी अंगाला लावायच्या लायकीची राहत नाही.

सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. मिश्रण बघताबघता कढत होतं आणि वाफ नाकात जाते, म्हणून हे काम गॅलरीत, हातमोजे आणि चष्मा घालून. पातेलं स्टीलचं. ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. रांगती मुलं घरात असतील तर हा उद्योग सध्या नकोच, हे माझं स्पष्ट मत आहे.

सोड्याचं पाणी आणि तेलं, दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र करून हँड ब्लेंडर थांबून थांबून फिरवायचा. माती आधी चमचाभर जास्तीच्या पाण्यात कालवून ठेवायची. कोरडी टाकली तर ती मिश्रणातलंच पाणी ओढते, गुठळ्या राहतात आणि वडीला भेगा जातात. मिश्रण श्रीखंडाइतकं दाटलं की साच्यात. आम्ही दुधाचे चौकोनी खोके वापरतो. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या, त्याही हातमोजे घालूनच. मग निदान ४ ते ६ आठवडे हवेवर. खरी परीक्षा इथे असते. पंधरा दिवसांची वडी फेस देते, पण डबीत भराभर विरघळते. दोन महिने वाळलेली वडी त्याच घाण्यातली असून वेगळीच वाटते, टणक आणि मऊ फेसाची.

आता माती. नेमकं तिचं काम काय, हे कळावं म्हणून एकाच तेलाचे दोन घाणे केले, एक मातीचा आणि एक बिनमातीचा, आणि दोन्ही वड्या शेजारी ठेवून वापरल्या. स्वच्छतेत मला काडीचा फरक जाणवला नाही. फरक पडला तो हाताला. मातीच्या वडीचा फेस बारीक आणि दाट येतो, आणि वडी अंगावरून घसरत जाते. दाढीला तर ती फारच आवडली. ब्रशवर फेस काढला की ब्लेड अडखळत नाही, आणि दाढीच्या क्रीमची ट्यूब कपाटात पडून आहे. एप्रिल-मेच्या घामात मुलाच्या तेलकट पाठीलाही बरं वाटलं. मुरमं मात्र त्याने गेली नाहीत, आणि जातील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. लेप वीस मिनिटं अंगावर राहतो, साबण मिनिटाभरात धुतला जातो. ‘त्वचेतली विषद्रव्यं ओढून घेते’ वगैरे वाक्यं मी आता वाचतही नाही.

पावसाळ्यात वड्यांना घाम सुटला. घरच्या साबणात तयार झालेलं ग्लिसरीन त्यातच राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून वर थेंब दिसतात. साबण बिघडलेला नसतो, पुसून वापरायचा. गुहागरच्या मामीकडे दिलेल्या वड्यांची अवस्था तर याहून वाईट होती. तिने त्या शेवटी तांदळाच्या डब्याशेजारी बंद बरणीत ठेवल्या. जाळीची साबणदाणी घ्याच. पाणी साचणाऱ्या डबीत हा साबण विकतच्यापेक्षा लवकर संपतो.

डिसेंबरमध्ये मात्र आईने तक्रार केली: अंग ओढल्यासारखं वाटतं, पायांवर पांढरं पडतं. तिला न सांगता बिनमातीची वडी ठेवली. तक्रार कमी झाली, पण थांबली नाही. म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हता. खोबरेलाचा साबण फेस भरपूर देतो, जड पाण्यातही देतो, आणि त्याच जोरावर अंगावरचं तेलही काढून नेतो. पुढच्या घाण्यात खोबरेल २०० वर आणलं, शेंगदाणा २५० केला, सोडा नव्याने मोजून ७३ ग्रॅम घेतला आणि माती अर्धा चमचा. फेस थोडा कमी झाला. आई आता काही बोलत नाही, आणि आमच्याकडे ती पसंतीच असते.

केसांना हा साबण लावू नये. बोअरच्या पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि केस मेणचट होतात. शिकेकाई बरी. डोळ्यात गेला तर विकतच्यापेक्षा जास्त चुरचुरतो. मातीची वडी असली की मोरीच्या कोपऱ्यात खाकी गाळ दिसतो, तो तांब्याभर पाण्याने जातो.

रंगाची हौस असेल तर मुलतानीचा बिस्किटी रंग चांगला टिकतो. हळदीचं मात्र सोड्यात लाल-तपकिरी होतं आणि पुढे तेही फिकं पडतं. उटण्याची पूड भरड असते, अंगाला टोचते. घालायचीच तर वस्त्रगाळ करून. रांगोळीच्या दुकानातला गेरू साबणात घालायला मी धजणार नाही, त्यात काय मिसळलंय कुणास ठाऊक.

पैसे वाचतात का? नाही. २०२५ मध्ये खोबरेल जे कडाडलं त्यानंतर तर मुळीच नाही. माती सगळ्यात स्वस्त, तेलच महाग. सोड्याची धास्ती असणाऱ्यांसाठी तयार साबणाचा बेस मिळतो, वितळवायचा आणि साच्यात ओतायचा. त्यातही माती घालता येते. फक्त पातळ असताना ओतलं तर ती तळाला बसते. बेस जरा दाटेपर्यंत ढवळत राहा, आणि पाव किलोला एका चमच्याच्या वर जाऊ नका.