प्रसिद्धिपत्रक सर्वांना की पत्र एकालाच? टीव्ही आणि संस्कृतीच्या पत्रकाराला विषय सुचवताना

नाट्यसंस्थेचे, एकांकिका गटाचे किंवा लघुपट करणाऱ्या चार मित्रांचे प्रसिद्धीचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याच्यापुढे दर वेळी एक प्रश्न असतो. हाती आलेला विषय प्रसिद्धिपत्रक करून सर्व दैनिकांना आणि वाहिन्यांच्या जिल्हा प्रतिनिधींना एकाच वेळी पाठवावा, की मालिका, नाटक आणि सांस्कृतिक घडामोडींवर सातत्याने लिहिणाऱ्या एखाद्याच पत्रकाराला तो सविस्तर पत्राने सुचवावा? सोलापुरातील एका हौशी नाट्यसंस्थेसाठी मी गेली अकरा वर्षे हे काम करतो आहे आणि दोन्ही मार्ग मी पुरेसे वापरले आहेत. माझा कल आता एका बाजूला आहे, हे आधीच सांगणे बरे. तरी तुमच्या संस्थेची गरज वेगळी असू शकते, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

प्रसिद्धिपत्रकाची बाजू भक्कम आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. हुतात्मा स्मृती मंदिरातील प्रयोगाची तारीख आणि वेळ, प्रवेशिका मिळण्याचे ठिकाण, राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्राचा निकाल, अभिनय शिबिराची नावनोंदणी या गोष्टी सर्वांना एकाच दिवशी कळायला हव्यात. शहर आवृत्तीतील चार ओळी वाचून नाटकाला येणारा प्रेक्षक आपल्याकडे अजून आहे. साठीच्या पुढचे बहुतेक प्रेक्षक तसेच येतात, असा माझा अनुभव आहे. वाहिन्यांच्या जिल्हा प्रतिनिधींकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. उजनीचे पाणी, कांद्याचे दर, आषाढी वारी आणि निवडणुका एकाच माणसाला सांभाळाव्या लागतात, त्यामुळे त्याच्याकडे नाटकासाठी वेळ उरत नाही. हलते दृश्य आणि दोन वाक्यांची बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, आयती मिळाली, तर तो आपुलकीने प्रयत्न करतो. केवळ कागदावर त्याला काहीही करता येत नाही.

एक तांत्रिक सूचना येथेच करून ठेवतो, कारण ती दोन्ही मार्गांना लागू आहे. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. डीटीपीच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडतो, आणि लेटरहेडचे छायाचित्र पाठवले तर उपसंपादकाला सगळे पुन्हा टाइप करावे लागते. रात्री नऊ वाजता ते कोणी करत नाही. छायाचित्रेही व्हॉट्सअॅपवर साध्या फोटोसारखी न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत, म्हणजे छपाईपुरता त्यांचा दर्जा टिकतो.

आता ज्या एका गोष्टीने माझे मत ठरवले, तिच्याकडे येतो. आमच्या संस्थेत शहराच्या पूर्व भागातील एक तरुण होता. वडील यंत्रमागावर काम करणारे, आई घरी विड्या वळणारी, घरातली भाषा तेलुगू आणि शाळाही तेलुगू माध्यमाची. तेलुगूत निर्जीव वस्तूंना मराठीसारखी वेगवेगळी लिंगे नसतात; त्यामुळे ‘तो दरवाजा, ती खिडकी, ते घर’ हा भेद आपल्याला जन्मतः मिळतो, तसा त्याला मिळाला नव्हता. आमच्या तालमींत त्याने तो वही करून, संवादामागून संवाद लिहून आत्मसात केला आणि पुढे त्याला एका मराठी मालिकेत लहानशी पण रोज दिसणारी भूमिका मिळाली. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात घडलेली ही गोष्ट मालिकांची भाषा कोणाची असते, या प्रश्नाला थेट भिडत होती.

संस्थेच्या वर्धापनदिनी आम्ही त्याचा सत्कार केला आणि नेहमीच्या पद्धतीने मीच प्रसिद्धिपत्रक पाठवले. दुसऱ्या दिवशी पाच दैनिकांत तीच बातमी आली. शाल आणि श्रीफळ स्वीकारतानाचे छायाचित्र, व्यासपीठावरील मान्यवरांची नावे, सूत्रसंचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, एवढेच तिच्यात होते. भाषेबद्दलचा परिच्छेद मी सर्वांत शेवटी लिहिला होता, आणि जागा कमी पडली की मजकूर खालून कापला जातो. त्या पाचही जणांना मी दोष देत नाही. मी जे दिले, तेच त्यांनी छापले.

दोन दिवसांनी मी मुंबईतील एका पत्रकाराला पत्र लिहिले. मालिकांतील बोलींविषयी ते लिहीत आणि त्यांचे लेख मी नियमाने वाचत असे. त्यांचे उत्तर तासाभरात आले. विषय अर्ध्या पानाचा आहे, असे त्यांना वाटत होते. पण संपादकांनी मुलाचे नाव शोधून पाहिले तेव्हा पाच बातम्या समोर आल्या आणि ‘हे तर येऊन गेले आहे’ म्हणून विषय बाजूला पडला. वास्तविक त्यातले काहीच आलेले नव्हते. नाव आले होते, गोष्ट आली नव्हती. काही महिन्यांत ती मालिका संपली आणि त्या लेखाचे निमित्तही संपले. त्या मुलाने वहीची पाने जपून ठेवली आहेत आणि ती मी आजही कोणाला दाखवू शकत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. प्रसिद्धिपत्रकाने फार काही मिळत नाही, हे आपण सगळेच जाणतो. परंतु ते एखादा चांगला विषय शिळा करून टाकते, हे मला त्या दिवशी कळले.

एकालाच लिहायचे तर पत्रावर कष्ट घ्यावे लागतात. त्या पत्रकाराचे निदान पाच-सहा लेख वाचलेले असावेत आणि आपला विषय त्यांच्या कोणत्या लेखाला पुढे नेतो, ते पहिल्या दोन वाक्यांत यावे. सोलापूर म्हटले की आपण लगेच अतुल कुलकर्णींचे नाव घेतो किंवा जेऊरच्या नागराज मंजुळ्यांचे. या विषयावर लिहिणाऱ्याला ती नावे आपल्याइतकीच ठाऊक असतात. पत्राची सुरुवात त्या नावांनी केली, की आपला माणूस त्यांच्या सावलीत जातो. मालिकेत काम करणाऱ्या कलावंताविषयी लिहीत असाल, तर त्याची संमती आणि वाहिनीच्या प्रसिद्धी विभागाची परवानगी यांची स्थिती पत्रातच स्पष्ट करावी, कारण कथानकाबद्दल बोलण्यास करारात सहसा मनाई असते आणि ऐनवेळी नकार आला, तर तुमचे नाव पुन्हा विश्वासाने वाचले जात नाही. गुरुवारी शक्यतो लिहू नये. त्या दिवशी टीआरपीचे साप्ताहिक आकडे येतात, शुक्रवारी नवे चित्रपट लागतात, आणि अशा वेळी आलेले पत्र खाली ढकलले जाते. सोमवार किंवा मंगळवारची सकाळ मला लाभली आहे.

या मार्गाची अडचण लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पत्र गेल्यावर शांतता असते. उत्तर येईपर्यंत विषय दुसऱ्या कोणाला देता येत नाही, आणि कार्यकारिणीतील मंडळी ‘अजून काहीच कसे छापून आले नाही’ असे विचारू लागतात. मी पत्रातच सभ्यपणे एक मुदत लिहितो. साधारण आठ दिवसांत कळवावे, म्हणजे अन्यत्र विचारता येईल. दहापैकी तीन-चार पत्रांनाच होकार आला असेल. शिवाय गावातले पत्रकार दुखावण्याची शक्यता असते, कारण आपल्या शहराची गोष्ट त्यांनी पुण्या-मुंबईच्या पुरवणीत का वाचावी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून तो ‘एक’ पत्रकार मुंबईचाच हवा, असा माझा आग्रह आता राहिलेला नाही. गेल्या चारपैकी दोन विषय मी सोलापुरातच दिले. त्यातील एका पत्रकार ताईंनी सलग तीन संध्याकाळी आमच्या तालमीला बसून जे लिहिले, ते मुंबईहून कोणाला लिहिता आले नसते.

ज्यांना केवळ सभागृह भरायचे आहे, त्यांनी प्रसिद्धिपत्रकावर थांबावे. त्यासाठी ते उत्तम आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण हातात खरोखर एखादी गोष्ट असेल, तर मी तरी ती आधी एकाच पत्त्यावर पाठवीन.

यंदा आमच्या संस्थेत विडी कामगार महिलांनी बसवलेल्या एकांकिकेची तालीम चालू आहे. तिच्याविषयीचे दीड पानाचे पत्र सोमवारी सकाळी त्याच ताईंना गेले आहे. प्रयोगाच्या तारखेचे प्रसिद्धिपत्रकही तयार आहे. त्यात तारीख, वेळ आणि प्रवेशिकांचे ठिकाण याखेरीज एक शब्दही नाही, आणि ताईंचे उत्तर येईपर्यंत ते मी पाठवणार नाही.